सहा लेनचा तलाव

मला पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे मी पोहण्याबद्दल बरंच ज्ञान पाजळणार आहे. मी रस्त्यांची इंजिनियर आहे. कोलकात्यात, सेक्टर फाइव्हमधल्या एका खासगी कंपनीत रस्त्यांचे आराखडे करते. लेन किती रुंद ठेवायची, समोरासमोर आलेले दोन ट्रक एकमेकांचे आरसे न फोडता कसे जातील, मागच्याला पुढे जायचं असेल तर जागा कुठून काढायची, हे मी पगार घेऊन बघते. बिनपगारी बघायची वेळ माझ्या सासऱ्यांमुळे आली.

सासरे वाईचे. सासूबाई गेल्यावर तिथल्या घरात एकटेच राहत होते आणि आपलं उत्तम चाललंय असं फोनवर सांगत होते. मग एक दिवस शेजारणीचा फोन आला. गॅसवर दूध ठेवून हे झोपले. पातेलं जळालं, स्वयंपाकघर काळं झालं, आणि ही काही पहिली वेळ नाही, असंही ती म्हणाली. माझा नवरा बँकेत आहे. त्याची बदली इकडे झाल्यापासून आम्ही शहराच्या बेहाला नावाच्या भागात राहतो. तो वाईला गेला आणि बाबांना घेऊन आला. निघताना बाबांनी एकच अट घातली होती. "पोहायला मिळालं तर राहीन. नाही मिळालं तर मी आपला परत." शहात्तर वर्षांच्या माणसाची एवढी एकच अट असेल तर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

आणलेली बॅग त्यांनी रिकामी केलीच नाही. आम्ही कपाट मोकळं करून दिलं होतं, त्यात त्यांनी फक्त छत्री ठेवली. बॅग पलंगाखाली. रोज तिच्यातून एक सदरा काढायचा, आणि धुऊन वाळला की घडी करून परत तिच्यातच ठेवायचा. झाडताना मी ती बॅग ओढून बाहेर काढायची, झाडायची आणि परत आत सरकवायची. दर वेळी मला वाटायचं, हा माणूस फलाटावर बसलाय आणि फलाट माझ्या घरात आहे.

घरातही पाहुण्यासारखं वागणं. पंखा लावू का, पाणी घेऊ का, टीव्हीचा आवाज एक घर वाढवू का.

"बाबा, पंखा लावायला विचारू नका हो. घर तुमचंच आहे."

"बरं," ते म्हणायचे. "मग लावू ना?"

मला राग यायचा. आदर वगैरे ठीक आहे, पण सकाळी डबे भरताना पंख्याची परवानगी देत बसायला माणसाला वेळ नसतो. बाहेर तर त्यांचं आणखीच अवघड होतं. बंगाली येत नव्हतं, आणि त्यांचं हिंदी म्हणजे मराठी वाक्य आणि शेवटी 'है'. रस्त्यात कोणी काही विचारलं की ते मान डोलवायचे. त्या मानेच्या जोरावर एकदा एक कोबीवाला आमच्या दारात अर्धं पोतं ठेवून गेला.

पाण्यात मात्र ते वेगळेच होते. गल्लीच्या टोकाला एका क्लबचा पोहण्याचा तलाव आहे. त्या एका गोष्टीवर तर त्यांना आणता आलं. बाबा कृष्णेत पोहायला शिकलेले, पाठीला सुका भोपळा बांधून. डोकं कायम पाण्याच्या वर, आणि दोन्ही हात असे लांब फाकवून मारायचे की उभ्या ज्वारीतून वाट काढत चाललेत. वेग फार नाही. पण थांबणंही नाही. भिंतीला हात लागला की वळायचं आणि परत चालू. नवरा सांगायचा, वाईला घाटाच्या पायरीवर आई मांडीवर टॉवेल घेऊन बसायची. बाबा पोहत राहायचे. तिच्या मनाने पुरे झालं की ती नुसती उठून उभी राहायची. हाक नाही, काही नाही. ती उठली की बाबा बाहेर. मी ते ऐकलं आणि विसरले.

क्लबातल्या सकाळच्या बॅचने आठवड्याभरात त्यांना जेठू करून टाकलं. जेठू म्हणजे थोरले काका. इथे जरा मान द्यावा अशा प्रत्येक म्हाताऱ्याला म्हणतात. बाबांना ते आवडलं असावं. घरी येऊन दोन पोळ्या जास्त खायला लागले.

वैशाखात गर्दी वाढली. तलाव दहा मीटर रुंद आणि त्यात चार लेन होत्या. सकाळी प्रत्येक लेनमध्ये इतके लोक व्हायला लागले की तक्रारी आल्या. मग क्लबच्या कमिटीने विचार केला आणि चाराच्या सहा लेन केल्या. गर्दी होते म्हणून लेन वाढवल्या. तलाव तेवढाच ठेवला. सगळ्यांना फार बरं वाटलं. नव्या दोऱ्या ताणल्या त्या दिवशी संदेश वाटले, म्हणजे इथली छेन्याची मिठाई. बाबांनी माझ्यासाठी एक कागदात गुंडाळून आणला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाबा पोहून आले की खुर्चीत बसून राहायला लागले. चेहरा पांढरा, श्वास लागलेला. पोळ्या दोनाने वाढल्या होत्या त्या तीनाने कमी झाल्या. काय होतंय विचारलं तर काही नाही. शेवटी एक दिवस नवऱ्याने फारच खोदून विचारलं तेव्हा ते इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाले,

"ते लोक माझ्या मागे लागतात."

"कोण लोक?"

"सगळे. रोज. मी जोरात गेलो की तेही जोरात येतात."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मग स्वयंपाकघरात आल्यावर म्हणाला, "अगं, हे असंच सुरू होतं." त्याच्या बँकेतल्या कोणाच्या आईला असंच वाटायला लागलं होतं की समोरच्या इमारतीतले लोक तिच्यावर नजर ठेवून आहेत. तो मोबाइलवर वाचत बसला. आधी गॅस, आता हे. त्याने मेंदूच्या डॉक्टरांची वेळही घेऊन टाकली. साप साप म्हणून भुई धोपटायची त्यांच्या घराण्याची रीतच आहे, असं मी म्हणाले खरी. पण मीसुद्धा घाबरले होते. बाबांच्या समोर चहा ठेवताना मी त्यांच्या डोळ्यांत काही दिसतंय का ते बघायला लागले. त्यांना ते कळत असणार.

शनिवारी मला सुट्टी असते. मी त्यांच्यामागोमाग तलावावर गेले आणि बाकावर बसले.

लोक त्यांच्या मागे लागले होते.

बाबा पुढे, डोकं वर, ज्वारी बाजूला सारत. त्यांच्या मागे एक ओळ. आधी एक दातांचे डॉक्टर, चांगले गोलमटोल, डोक्यावर एक केस नाही. त्यांच्या मागे एक आयटीतला तरुण. त्याच्या मागे आणखी दोघंतिघं. एकजण पुढे जाईल तर शपथ. नवरदेवाच्या मागे वरात असावी तशी ती माणसं पंचवीस मीटर गेली, वळली आणि परत आली. मागचं पाणी वाजलं की बाबा जोर लावत. बाबांनी जोर लावला की मागच्यांना वाटे, अरे वा, आज जेठू फॉर्मात आहेत. तेही वेग वाढवत. मग पाणी आणखी वाजे. नदीत मागून काही येत असेल तर वळून बघायचं नाही, निघायचं, हे बाबांना लहानपणी शिकवलेलं होतं.

मला इतकं हायसं वाटलं की मी बाकावर बसून एकटीच हसले. मग मला संताप आला.

पाण्याबाहेर आल्यावर मी त्या तरुणाला गाठलं. तोही सेक्टर फाइव्हमध्येच कामाला होता. विचारलं, पुढे का जात नाहीस? तो म्हणाला, "बौदी, जेठू को ओव्हरटेक कैसे करेगा? जगह किधर है? पैर लग जाएगा।" बौदी म्हणजे वहिनी. बाजूने जायला गेलं तर लाथ बसणार, आणि वडीलधाऱ्याला पाय लागणं म्हणजे काय हे मला त्याने सांगायची गरज नव्हती. आपल्याकडेही पाय लागला की आपण वाकून त्या माणसाला हात लावतो आणि तो हात कपाळाला नेतो. फक्त आपण हे जमिनीवर करतो.

माझ्या पर्समध्ये मोजपट्टी असते. मी लेन मोजली. दोन मीटरही नव्हती. पावणेदोनलासुद्धा थोडी कमी. त्यात डाव्या बाजूने जायचं आणि पलीकडच्या बाजूने परत यायचं, म्हणजे समोरासमोरची वाहतूक. हात फाकवले की एका माणसाचीच रुंदी तेवढी होते. असा रस्ता मी ऑफिसात काढला असता तर साहेबांनी मला रजेवर पाठवलं असतं. एकेरी रस्त्यावर पुढे बैलगाडी असली की मागच्या सगळ्या गाड्या बैलगाडीच्या वेगाने जातात, यात गाड्यांचा दोष नसतो आणि बैलांचा तर नसतोच.

घरी आल्यावर बाबांना समजावलं. "बाबा, ते तुमच्या मागे लागलेले नाहीत. रांगेत आहेत."

"मग पुढे का जात नाहीत?"

"तुमचा मान राखतात."

त्यांनी थोडा विचार केला. "मान राखायचा तर जरा लांबून राखावा."

नवऱ्याने डॉक्टरांची वेळ रद्द केली. मी बाबांना म्हटलं, भिंतीपाशी मिनिटभर थांबत जा, म्हणजे मागचे निघून जातील.

"मी थांबत नाही."

"का पण?"

"थांबायचं कोणाच्या सांगण्यावरून?" असं म्हणून त्यांनी चष्मा लावला आणि आधीच वाचून झालेला पेपर उघडला. मला ते उद्धट वाटलं. मी उठून भाजी निवडायला घेतली.

क्लबच्या सेक्रेटरींशी बोलायचं मी ठरवलं होतं. त्याआधीच मंगळवारी व्हायचं ते झालं. मी तिथे नव्हते, पण चार जणांकडून ऐकलं आणि चौघांचं म्हणणं तंतोतंत जुळतं.

दातांच्या डॉक्टरांना त्या दिवशी दवाखान्यात लवकर जायचं होतं. त्यांनी धीर केला आणि बाबांच्या बाजूने पुढे जायला गेले. दोरीला घासत गेले तरी पाय लागायचा तो लागलाच, बाबांच्या बरगडीत. डॉक्टर चांगल्या घरातले. ते तिथल्या तिथे थांबले, वळले, बाबांना हात लावायला गेले आणि तो हात कपाळाकडे नेला. एक हात कपाळाला, तोंड 'सॉरी' म्हणायला उघडलेलं, पाय हलायचे थांबलेले. माणूस खाली जायला लागला. मागची वरात येऊन त्यांच्यावर आदळली. आणि बाबांनी पाहिलं की एक माणूस तोंड उघडं टाकून, हात वर करून, आपल्याला धरायला बघतोय आणि बुडतोय.

बाबांनी कृष्णेतून माणसं काढलेली आहेत. बुडणाऱ्याला समोरून धरू द्यायचं नाही, मागून जाऊन केस धरायचे, हा नियम. डॉक्टरांना केस नव्हते, म्हणून त्यांनी कान धरला.

सबंध बॅचच्या डोळ्यांदेखत त्यांनी त्या दातांच्या डॉक्टरांना कानाला धरून कडेपर्यंत ओढत आणलं. डॉक्टर ओरडत होते की मी बुडत नाहीये.

"बुडणारा माणूस असंच म्हणतो," बाबांनी मला घरी सांगितलं. ते खुशीत होते. त्या दिवशी पोळ्या मोजायला मी विसरले.

संध्याकाळी सेक्रेटरींचा फोन आला. अत्यंत सभ्य माणूस. आधी त्यांनी सगळ्यांची तब्येत विचारली, माझ्या आईवडिलांचीसुद्धा. मग म्हणाले, "हम लोग जेठू को बहुत रेस्पेक्ट करता है, लेकिन सेफ्टी भी तो देखना पड़ेगा।" कमिटीच्या मनात असं होतं की सत्तरीच्या पुढच्यांनी दुपारी मुलांच्या बॅचला यावं, उथळ बाजूला. तिथे पाणी कमरेएवढं असतं, शिकवणारेही हजर असतात. रविवारच्या बैठकीत तसा ठराव होणार होता.

हे मी बाबांना सांगितलं. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा बरं.

"कमरेएवढ्या पाण्यात म्हशी बसतात," ते म्हणाले.

मग खाली वाकून त्यांनी बॅग ओढली आणि पलंगावर ठेवली. दांडीवर वाळत घातलेला सदरा काढून आणला, अजून ओलसर होता. कपाटातली छत्री काढली. नवरा आला तेव्हा त्याला तिकिटाचं बघायला सांगितलं.

"बाबा, बघू या ना जरा."

"बघायचं काय त्यात? अट ठरली होती."

नवरा गॅलरीत जाऊन उभा राहिला. मी स्वयंपाकघरात गेले. माझा ओटा पांढरा आहे. मला वाईचा काळा ओटा दिसला, त्यावर जळलेलं पातेलं, आणि आतल्या खोलीत झोपलेला हा माणूस. पुढच्या वेळी शेजारीण घरात असेलच असं नाही. मला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला. आमच्या गैरसमजुतीने नाही, कोणाच्या म्हातारपणाने नाही, तर दोन जास्तीच्या दोऱ्यांनी हा माणूस घरातून चालला होता.

रविवारी मी खडू घेऊन बैठकीला गेले.

क्लबच्या हॉलमध्ये कमिटीची सहासात माणसं चहा पीत बसली होती. दातांचे डॉक्टर कमिटीवर होते. तो तरुण दारात उभा होता, त्याला मीच बोलावलं होतं. मी सेक्रेटरींना म्हटलं, ठरावाआधी मला थोडा वेळ द्या. वेळ मिळाला, शिवाय चहाही. मी सिमेंटच्या जमिनीवर मोजपट्टीने मापं घेऊन दोन समांतर रेघा ओढल्या. म्हटलं, ही तुमची लेन. आता डॉक्टरसाहेबांनी इकडून यायचं, सेक्रेटरीसाहेबांनी तिकडून, पाण्यात मारता तसे हात मारत. तरुणाने सेक्रेटरींच्या मागून चालायचं आणि पुढे जायचं बघायचं. रेघेबाहेर पाऊल टाकायचं नाही.

बंगाली माणूस कशालाही नाही म्हणेल, पण नाटकाला नाही म्हणत नाही. दोघंही उठले. मधोमध आले आणि सेक्रेटरींचा हात डॉक्टरांच्या चष्म्याला लागला, चष्मा उडाला. तो बघायच्या नादात सेक्रेटरींचा पाय डॉक्टरांच्या पायावर पडला. लगेच सेक्रेटरी वाकले, डॉक्टरांना हात लावला, तो कपाळाला नेला. ते वाकल्याबरोबर मागून येणारा तरुण त्यांच्यावर आपटला आणि तिघंही रेघेबाहेर गेले.

हाताच्या काकणाला आरसा कशाला? मी खडू पर्समध्ये टाकला. कोणीतरी चष्मा उचलून दिला.

सेक्रेटरींनी धोतर सारखं केलं आणि विचारलं, "आप तैरती हैं?"

"नहीं."

"ओ," ते म्हणाले.

मग मी पंचवीस सेंटिमीटर इकडे आणि तिकडे यावर बरंच बोलले. थोडक्यात एवढंच: एकाच लेनमध्ये जाणारे आणि येणारे दोन्ही असतील, आणि कोणाचे हात लांब जात असतील, तर पूर्वीची अडीच मीटरच ठेवा. चारच लेन असू द्या, पण त्या वेगाप्रमाणे वाटा. सावकाश पोहणाऱ्यांना भिंतीकडची द्या. गर्दी दोऱ्यांनी कमी होत नाही, बॅचची वेळ विभागा. आणि मागच्याला पुढे जायचं असेल तर त्याने बाजूने घुसायचं नाही. पुढच्याच्या पायाला हाताने हलकेच स्पर्श करायचा. पुढच्याने भिंतीपाशी कोपऱ्यात थांबून वाट द्यायची. जगभर तलावांत असंच करतात, मी आदल्या रात्री वाचलं होतं.

बॅचची वेळ विभागण्यावर चर्चा झाली. भिंतीकडची लेन कोणाला यावर तर फारच झाली. मग सेक्रेटरींनी शेवटचा मुद्दा पुन्हा विचारला.

"मतलब, जेठू का पैर छूना है?"

"हाँ."

त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "इसमें तो कोई प्रॉब्लेम ही नहीं है," ते म्हणाले. बाकी सगळे मान डोलवू लागले. ठराव मागे पडला आणि संध्याकाळी दोन दोऱ्या निघाल्या, उरलेल्या सरकल्या.

पण बाबांची बॅग पलंगावरच होती. त्यांना मी सगळं सांगितलं, तर म्हणाले, ज्या क्लबाने एकदा म्हशींत बसवलं तिथे परत कशाला जायचं? नवऱ्याने मंगळवारचं तिकीट काढलेलं होतं. मी आणखी बोलले असते तर भांडणच झालं असतं.

सोमवारी संध्याकाळी दातांचे डॉक्टर आमच्या घरी आले. एकटेच. बाबांच्या समोर खुर्चीवर बसले, चहा घेतला, आणि हिंदीत सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "जेठू, उस दिन मैं सच में डूब रहा था। आपने बचाया।"

बाबांनी माझ्याकडे वळून मराठीत सांगितलं, "बघ. मी म्हणत नव्हतो?"

मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते बिस्किट चहात बुडवत होते आणि त्यांनी मान वर केली नाही. दुसऱ्या माणसासाठी आपण बुडत होतो असं कबूल करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

"उद्या सकाळी येतो म्हणावं त्यांना," बाबा म्हणाले. "गाडी दुपारची आहे."

रात्री जेवताना मी त्यांना पायाला हात लावण्याचा नियम नीट सांगितला. नाहीतर कोणी हात लावला की हे जोरात सुटायचे.

"म्हणजे अडला हरी गाढवाचे पाय धरी," बाबा म्हणाले.

"तुम्हाला कोणी गाढव म्हटलेलं नाही."

"मी म्हणतोय ना."

मंगळवारी ऑफिसला जायच्या तयारीतच मी त्यांच्याबरोबर तलावावर गेले. ते टॉवेल विसरले होते, तो माझ्या हातात होता. मी बाकावर बसले. बाबा भिंतीकडच्या लेनमध्ये उतरले. थोड्या वेळाने दातांचे डॉक्टर मागून आले आणि त्यांनी बाबांच्या पायाला हात लावला. बाबा दचकले, पण सुटले नाहीत. भिंतीपर्यंत गेले, कोपऱ्यात थांबले आणि एक हात पाण्याबाहेर काढून डॉक्टरांना आशीर्वाद दिला. डॉक्टर पुढे गेले. मग तो तरुण आला, पायाला हात, आशीर्वाद, पुढे. मग आणखी कोणी. बाबा सगळ्यांना वाट देऊन झाल्यावर पुन्हा आपली ज्वारी सारत निघाले, सावकाश. मागे कोणी नव्हतं. चेहरा पांढरा नव्हता. एकदा तर मला वाटलं, ते काहीतरी गुणगुणताहेत.

बॅच संपल्याची शिट्टी झाली. लोक बाहेर पडले. बाबा चालूच. पुढच्या बॅचला अजून अवकाश होता, त्यामुळे कोणी काही म्हटलं नाही. मी घड्याळ बघत होते. मला मेट्रोने माझेरहाट, तिथून लोकलने सियालदह आणि तिथून पुन्हा मेट्रो गाठायची असते. एक चुकली की सगळं चुकतं. आणखी दोन फेऱ्या मी वाट पाहिली. मग टॉवेल बाकावर ठेवून निघावं म्हणून उठून उभी राहिले.

बाबा तलावाच्या मध्यावर होते. डोकं नेहमीसारखं पाण्याच्या वर. त्यांनी मला पाहिलं. भिंत गाठायच्या आधीच ते वळले, शिडीपाशी आले आणि बाहेर पडले. ओल्या पायांनी चालत माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"झालं?" त्यांनी विचारलं.

तेव्हा मला वाईचा घाट आठवला. थांबायचं कोणाच्या सांगण्यावरून, हे त्यांनी मला एकदा सांगितलं होतं, आणि मी भाजी निवडायला गेले होते.

"झालं," मी म्हटलं आणि टॉवेल पुढे केला. त्यांनी तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं. मी तलावाकडे बघत राहिले. माझी मेट्रो गेली.

दुपारची गाडीही गेली. संध्याकाळी घरी आले तर कपाटात छत्रीशेजारी सदरे होते आणि रिकामी बॅग माझ्या वाटेत ठेवली होती, माळ्यावर टाकायला. बाबा न विचारता पंखा लावून बसले होते. "हिवाळ्यात तलाव बंद असतो म्हणे," ते म्हणाले. "तेव्हा सकाळी काय करायचं ते बघायला हवं."

ऑफिसला उशीर होतो म्हणून मी त्या दिवशी उठले होते, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. आता सकाळी मी टॉवेल घेऊन बाकावर बसते, आणि पुरे झालं असं वाटलं की उठून उभी राहते.